नरकासुराचा खांदा

पुस्तकात एकेचाळिसावी पायरी एका ओळीची आहे:
'स्टीअरिंगचा दांडा बसवा.'
बसवा! जसा काही पाहुणा आलाय,
पाट मांडला, बसा म्हटलं, बसला.

मी चवथीला सुरुवात केली,
दिवाळी तोंडावर आली.

पिळगावात, आमच्या ओसरीवर,
चार लाकडी ठोकळ्यांवर गाडीचा सांगाडा.
इंजिन आणि गिअरबॉक्स म्हापशाच्या एकाच मेल्या व्हॅनमधले,
ते दोघे एकमेकांना ओळखतात.
बाकीचं सामान पेट्यांतून आलेलं, परकं,
प्रत्येक भोक शेजारच्या भोकाशी तुटक वागणारं.

दांडा सरळ उतरायला बघतो
आणि धुराच्या नळीला आठ मिलिमीटर टेकतो.
आठ.
सत्तावीस वर्षं मी बार्जच्या पोटात काढली,
तिथे आठ मिलिमीटर म्हणजे कोणी खोकल्यासारखं.
शाफ्ट माझ्या मांडीएवढा, नट नारळाएवढे,
एखादा अडला तर घण घेऊन समजूत काढायची.
बार्ज सारमानसच्या धक्क्याला गंजली, मग तुकड्यांनी विकली गेली.
मला टॉर्क पाना मिळाला
आणि हे जाडे हात,
ज्यांत सहा नंबरचा बोल्ट
भाताच्या शितासारखा हरवतो.

दांडा कापायचा, मध्ये क्रॉस घालायचा:
दोन काटे, मध्ये पोलादाची फुली,
चार टोप्या, टोप्यांत सुया.
मग वळण घेऊनही फिरणं फिरणंच राहतं.
सुलक्षा बॅटरी धरते,
उजेड नेमका माझ्या टकलावर.
"दोनच माणसं बसणार?" तिने चवथीतच विचारलं होतं.
दोनच.
"आणि बाजाराची पिशवी?"
ह्याचं उत्तर पुस्तकात नाही.

क्रॉस आणला, कट्ट्यावर ठेवला.
सकाळी नव्हता.
कट्ट्याखाली पाहिलं, ग्रीसच्या डब्यात पाहिलं,
सुलक्षाच्या तांदळात पाहिलं, बोलणी खाल्ली.

आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर उभा राहिला,
पंधरा फूट, आत अँगल, वर गवत, कागद, रंग.
कानठळ्या बसवणारे भोंगे.
तन्वेशने मागून दोरी ओढली
आणि राक्षसाने हात उचलला,
वर, मग बाहेर, मग हळूच आत,
जेवण झाल्यावर "पुरे" म्हणावं तसा.
सगळा गाव त्याचे दिवे लावलेले डोळे बघत होता.
मी खांदा.
इतकं मऊ फिरणं गवताला जमत नाही.

बोलायला हवं होतं.
भोंग्यांवर टाकला दोष.
खरं म्हणजे माझ्या सामानातलं काहीतरी
पहिल्यांदाच हलत होतं,
आणि मला बघायचं होतं.

पहाटे जाळला.
मी अंघोळ केली, कारीट फोडलं,
गुळाचे फोव तोंडात घेऊनच शेतात गेलो.
राखेत ॲश्ली चिमटा घेऊन बसलेला.
क्रॉस निळा पडला होता, पारव्याच्या मानेसारखा.
एका बाजूने फिरला. दुसऱ्या बाजूने नाही.
"मामा, आमकां दिसलें तें भंगार."

कोकणीत भांगर म्हणजे सोनं,
मराठीत भंगार म्हणजे ते, जे मी घरी आणतो.
काना एक अक्षर सरकला की झालं.
आठ मिलिमीटरसुद्धा नाही.

नवा क्रॉस फोंड्याहून आला, पैसे पोरांनी वर्गणीतून दिले,
शंभर रुपये कमी.
बॅटरी आता तन्वेश धरतो,
जिथे हवी तिथे, न सांगता.
ॲश्लीची बोटं बारीक, आतला बोल्ट त्यानेच लावला.
दांडा बसला. हो, बसलाच.

बेचाळिसावी पायरी:
'चाकं दोन्हीकडे पूर्ण वळतात का पाहा.'
उजवीकडे वळतात.
डावीकडे काहीतरी टेकतंय.
पोरं सांगाड्याखाली शिरली आहेत,
मला फक्त चार पाय दिसतात,
आणि आतून भांडण ऐकू येतंय,
किती मिलिमीटर, यावर.